माईकवरचा नवा माणूस

माझ्या अंगावरनं वारं गेलं, तवा हातापायापेक्षा मला जिभेचीच काळजी लागली होती. कोरेगावच्या स्टँडवर माईकवरनं गाड्या पुकारायचं माझं काम, आन् आपल्या आवाजाची मला लय घमेंड. सांगलीच्या डॉक्टरनं कामावर जायला सांगितलं, पर जीभ अजून जडच होती. आमचं साहेब म्हणालं, "जमतंय का बघा. न्हाई जमलं तर दुसरं काम देऊ." म्हंजे माईक गेल्यातच जमा.

पहिल्या दिवशी माईक हातात घेतला. एकेक शब्द जुळवत, मधी दम खात बोललो, "साताऱ्याला... जाणारी... गाडी... तीन नंबरला... लागली हाय." आता सगळं स्टँड हसणार म्हणून मी मान खाली घालून बसलो.

तेवढ्यात एक म्हातारी खिडकीपाशी आली. मी म्हणालो, "मावशी, समजलं नसंल तर परत सांगतो."

"समजलं की. तेच सांगाय आले," ती म्हणाली. "तुमी नवीन दिसताय. असंच बोलत जावा. आधीचा तोंडात भजी धरल्यागत बोलायचा, त्याच्यापायी माझी गाडी चुकायची. कुठं गेला ओ त्यो?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "आजारी पडलाय."

तिला खरंच वाईट वाटलं. "लवकर बरा होऊ दे बिचारा," ती म्हणाली. "पर आवं, परत माईकवर नगा बसवू त्याला."