तिसरं कडवं

दातांच्या दवाखान्यात मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे चर्चचा जुना ऑर्गनवाला एका विधवेशी बोलत होता.

“तुमच्या यजमानांच्या अंत्यविधीला मी पिऊन आलो, बाई. दोन कडवी वाजवली आणि ऑर्गनवरच डोकं टेकून झोपलो.”

“ठाऊक आहे. तिसरं मी एकटीनेच म्हटलं.”

“दारू सुटली. प्रभूने माफ केलं, असं पाळकसाहेब म्हणतात. पण ऑर्गनला हात लावायचा धीर होत नाही.”

“म्हणून तीन वर्षं शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसता?”

“मग कुठे बसू?”

“दर शनिवारी त्या ऑर्गनवरची धूळ मी पुसते. या रविवारी वाजवा.”

“कोणतं गीत?”

“तेच. आणि तिसऱ्या कडव्याला मला एकटीला सोडू नका.”