गुडघ्याखालची पट्टी

माह्यं कोणी खरं मानलंच नाई. बैलाच्या लाथेनं प्रणालीच्या बाबाची पोटरी सुजली, डॉक्टरनं कमरेत सुई दिली, अन् तवापासून त्यायचा पंजाच उचलेना. आजही पाय घासत चालतात. सुई चुकली, असं मी आर्वीभर सांगत फिरली. डॉक्टरलेही तोंडावर बोलली.

यंदा प्रणाली फिजिओथेरपी शिकायले गेली. घरी आली की पेनानं माह्याच पायावर नसा काढून पाठ करते. परवा तिनं गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूले रेघ ओढली.

"आई, पंजा उचलणारी नस ही. इथं कातडीखालीच असते. घट्ट बांधलं तरी दबून मरते."

"अन् कमरेतल्या सुईनं?"

"मंग वरची मोठी नस गेली असती, बाबाचा गुडघाही नीट वाकला नसता."

लाथ लागली तवा सूज उतराले त्यायच्या पायाले त्याच जागी मी रुईची पानं शेकून लुगड्याची पट्टी आठ दिवस आवळली होती. ते म्हणत, "ढिली कर वो, मुंग्या येऊन राह्यल्या." मी म्हणे, "लाड नका करू."

बाजेवरून ते हळूच बोलले, "सुईच होती, पोरी."

नाई. सुई नाई, डॉक्टर नाई. पट्टी बांधणारी मी, मंदा.