टाच माझी, देव ग्रीकांचे

...आता तुम्हीच सांगा, टाच माझी तुटली की त्या ग्रीक लोकांची? मग गोष्टी त्यांच्या का? अहो, मला दवाखान्यात खाटेवर आडवा घातलाय, पाय दोन उशांवर चढवलाय, आणि माझा मेहुणा शेजारी उभा राहून शब्दांचं कूळ सांगतोय! टाच ठणकतेय हो माझी!

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. इंग्रजीचा मास्तर, रिटायर झालाय. वर्ग गेला, शिकवणं काही जाईना! सकाळी बॅडमिंटन खेळताना मी उडी मारली... या वयात! टाचेत खाडकन आवाज. वाटलं, मागून कुणी लाथ घातली. वळून बघतो तर हाच उभा! मनसोक्त शिव्या दिल्या त्याला. डॉक्टर म्हणाले, "लाथ नाही हो, टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटलाय." झालं! याचा चेहरा असा खुलला, जसा काही पोरगाच पहिला आला! "दाजी, अकिलीस कोण माहितेय?" म्हटलं, "मेल्या, टाच ठणकतेय!"

डॉक्टर म्हणाले, "पॅनिक होऊ नका. सिस्टर, यांना मॉर्फिन द्या," आणि गेले. मला देव भेटल्यासारखं झालं. पण याला दोन भेटले ना! "पॅनिक म्हणजे पॅन! बकरीच्या पायांचा रानदेव, झाडीतून असा किंचाळायचा... ऊऽऽऽ!" शेजारचे आजोबा ताडकन उठून बसले. "आणि मॉर्फिन म्हणजे मॉर्फियस, स्वप्नांचा देव!" सिस्टर सिरिंज हातात धरून म्हणतात कशा, "अय्या, खरंच? मग हायजिन?" "हायजिया! आरोग्याची देवी!" फरशी पुसणाऱ्या मावशी तिथंच थबकल्या. "म्हणजे आमचीसुद्धा देवी आहे?" आणि बसल्या की बादली बाजूला सारून! अहो, टाच... ठणकतेय...

शेवटी सिस्टरना दया आली. सुई दंडाशी आली, आणि हा म्हणतो, "तर ग्रीक योद्धा अकिलीस, त्याच्या आईनं त्याला बाळपणी जादूच्या नदीत बुडवलं. सगळं अंग अभेद्य! धरली होती ती टाच तेवढी कोरडी राहिली..."

आणि तुम्हाला सांगतो, मीच ओरडलो, "थांबा हो सिस्टर! मग रे, पुढं?"

"पुढं काय दाजी, युद्धात बाण लागला."

"कुठं?"

"टाचेत."

"मग?"

"मग काय... मेला."

आजोबांनी हळूच विचारलं, "मास्तर, माझा गुडघा आहे. गुडघ्यानं कुणी गेलं नाही ना?"

मी मुकाट्यानं दंड पुढं केला. म्हटलं, द्या सिस्टर... जे काय असेल ते सगळं द्या!