नव्या सासऱ्यांची साक्ष

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, नाहीतर हा खटला मी जिंकला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुस्लिम घटस्फोटितांचा कायदा तेव्हा नवा होता. अंबरनाथच्या जुबेदाबींना नवऱ्याने, सलीमभाईने, तलाक दिला होता. निकाहात कबूल केलेली मेहरची रक्कम आणि पोटगी त्यांना देण्याचा हुकूम उल्हासनगर कोर्टाने केला, पण वर्षभर सलीमभाईने दमडीही दिली नाही. म्हणून त्यांचा वकील या नात्याने मी वसुलीचं वॉरंट मागत होतो.

सलीमभाईने हात जोडले. "साहेब, मी कफल्लक माणूस. दुकान भावाचं, घर आईचं."

मी घाबरून पुस्तकं चाळू लागलो. कायद्याच्या दोन पदव्या असून योग्य पान सापडेना. जुबेदाबींनी माझा कोट ओढला. "वकीलसाब, आप बैठो." मग न्यायाधीशांना म्हणाल्या, "साहेब, यांनी गेल्या महिन्यात दुसरा निकाह केला. नव्या बीबीची मेहर रोख दिली का उधार ठेवली, तेवढं विचारा."

सलीमभाईने दचकून मागे पाहिलं, कारण त्याला धीर द्यायला आलेले नवे सासरे मागेच बसले होते. ते ताडकन उठले. "रोख दिली म्हणून निकाहनाम्यात लिहिलंय! खोटं लिहिलंस काय रे?"

सलीमभाईने घाम पुसला. "नाही, रोखच दिली."

"मग इथेही रोख भरा, नाहीतर तुरुंगात जा," न्यायाधीश म्हणाले.

चार वाजायच्या आत सगळी रक्कम जुबेदाबींच्या हातात पडली. जाताना त्या सासऱ्यांपाशी थांबल्या.

"शुक्रिया, चाचा. बेटी को बोलो, कागज संभाल के रखना."