मेलेला तारा

बेबाबाई : थांब, डिंपल. मेलेला तारा म्हनते, आन् खातो बी?

डिंपल : हो माय. उद्या शाळेत मुलांना हेच सांगायचंय. तारा जळून संपतो, त्याचा गोळा उरतो. जवळच्या सोबती ताऱ्याला तो ओढून ओढून खातो. खाल्लं की त्याची गिरकी वाढते. एका सेकंदात शेकडो फेरे. त्याला पल्सार म्हणतात.

बेबाबाई : चक्कर नाही येत त्याले?

डिंपल : माय!

बेबाबाई : बरं, बरं. आन् तो सोबती पळून कायले जात नाही?

डिंपल : बांधलेला असतो. दोघं एकमेकांभोवतीच फिरतात.

बेबाबाई : लगीनच लागलं म्हन की. मंग?

डिंपल : मग पल्सारमधून असा झोत सुटतो, की सोबत्याचं जे उरलंय तेही झडत जातं.

बेबाबाई : अशा जोडीले नाव काय?

डिंपल : नाव राहू दे.

बेबाबाई : उद्या पोरं इचारतीन तवा?

डिंपल : काळी विधवा. एका कोळिणीवरून पडलंय, माय. ती नराला खाते म्हणून.

बेबाबाई : तुही आजी बी मले हेच म्हने. पोराले खाल्लं. तुह्या बापाचा केळीचा ट्रक उलटला तिकडं घाटात, आन् मी इथं ओसरीवर तुले पाजत व्हती.

(डिंपलचा काका भटू दारात येतो.)

भटू : वहिनी, हेडमास्तर म्हने, उद्याची समई डिंपलच्या आईच्या हातनं लावू. मी सांगितलं, तुमची जाऊ, आमची लताबाई लावीन. सरस्वतीचा फोटो राहतो तिथं. तुम्ही मांगं बसा. राग नका मानू.

डिंपल : काका, आईचं नाव मी दिलंय. उद्याची पाहुणी मी आहे ना?

भटू : तू पाहुनी. परवा जाशीन जळगावले. आम्हाले इथंच राहनं हाये.

डिंपल : मग मी बोलणारच नाही उद्या.

बेबाबाई : बोलशीन. भाऊ, लावू द्या लताबाईले. तेल जरा जास्त घाला म्हना, शाळेत वारं लई येतं.

भटू : बरं. येतो मी.

डिंपल : गेले ते. तू त्यांच्याविरुद्ध एक शब्द का बोलली नाहीस?

बेबाबाई : काय बोलू? जित्ता व्हता तवा तुह्या बापानं मले कधी उपाशी झोपू दिलं नाही. मेला, आन् त्याच्या नावानं माही हळद गेली, ओटी गेली, लग्नातली पुढची पंगत गेली. अजून जातच हाये काहीबाही.

डिंपल : मी उद्या त्या ताऱ्यांचं नाव गाळते.

बेबाबाई : गाळू नको. फक्त नीट सांगजो, मेलेला कोन आन् झिजतंय कोन.

डिंपल : तू पुढं बसशील तर सांगेन.

बेबाबाई : मी घरीच राहते. शाळेचा कर्णा इथवर ऐकू येतो.