शेजारच्या सीटवरचा माणूस

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान परिवहन खात्याचे अधिकारी, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, सत्कारमूर्ती मास्तर, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या आजी-माजी शिकाऊ चालकहो,

मी शिवणाचा क्लास चालवते. बोलायला उभी राहिले की मला आवरावं लागतं, म्हणून अध्यक्षांनी घंटी हाताशी ठेवली आहे. ठेवू देत!

मास्तर नियमाचे किती पक्के, हे इथे कुणाला सांगायला हवं? शिकाऊ माणसाने गाडी काढायची तर शेजारी परवानाधारक हवा, हा कायदा. पण त्या परवानाधारकाला नीट दिसतं का, हे दर महिन्याला तपासायचं, हा मास्तरांचा स्वतःचा शिरस्ता. रस्त्यापलीकडे उभ्या गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवायची. नाही वाचली, तर घरचा सराव बंद.

माझ्या शेजारी आमचे हे बसायचे. उभा जन्म बस चालवलेला माणूस. माझ्या चालवण्याला यांनी जेवढी नावं ठेवली, तेवढी माझ्या स्वयंपाकालाही ठेवली नाहीत. "थांब!" म्हणून ओरडायचे, तेही मी थांबून झाल्यावर. मला वाटायचं, वयोमानाने माणूस किरकिरा झालाय.

नंबर मात्र दर महिन्याला धडाधड सांगायचे. पलीकडे नेहमी मास्तरांचीच, म्हणजे स्कूलने त्यांना दिलेली, राखाडी गाडी असायची. एके दिवशी असाच यांनी एका दमात नंबर सांगितला. बाकावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र प्लेटकडे बघत होते, आणि टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले.

मास्तर एवढंच म्हणाले, "वा! आत या, चहा घेऊ."

दार लोटून घेतल्यावर हळूच म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, माझी गाडी आज गॅरेजला आहे. पलीकडे उभी आहे ती समोरच्या डॉक्टरीणबाईंची."

मंडळी, पाठ केलेल्या नंबरावर हे इतके महिने पास होत होते! डोळ्यांच्या पडद्याचा आजार. नेत्रतज्ज्ञांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून कधीच बजावलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नाही. मला आधी संताप आला. भर बाजारातून मी या माणसाच्या भरवशावर गाडी काढत होते! मग यांचा चेहरा पाहिला आणि मी चहाचा कप यांच्यापुढे सरकवला.

हे कपाकडे बघत म्हणाले, "स्टिअरिंग तर गेलंच. निदान शेजारची जागा तरी राहू द्या."

मास्तर म्हणाले, "राहील ना. पण परीक्षेपर्यंत तिथे मी बसतो, तुम्ही मागे. त्या पास झाल्या की जागा परत तुमची. प्रवासी म्हणून, आणि तोंड बंद ठेवून."

यातली पहिली अट यांनी पाळली. दुसरी अजून शिकताहेत.

मी पहिल्या फटक्यात पास झाले, हे नम्रपणे सांगते. म्हणजे फारशा नम्रपणे नाही. आज यांना दवाखान्यात मीच नेते. त्या दिवशी मास्तरांनी 'चालायचंच' म्हणून डोळेझाक केली असती, तर आज या माइकसमोर मी असते का? आणि बाकावरच्या पोरांदेखत यांचं पितळ उघडं पाडलं असतं, तर हे पुन्हा कुठल्या गाडीत बसले असते का?

आता कामाचं बोलते. मास्तर आज निवृत्त होताहेत, स्कूलची गाडी परत करताहेत, म्हणजे त्यांची घरी जायची पंचाईत. मी पडले नवी चालक. नव्या चालकाने वर्षभर गाडीत एकच माणूस न्यायचा, हाही मास्तरांचाच शिरस्ता. आज सकाळी मी यांना विचारलं, काय करायचं? हे बूट पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तरांना बसव. मी पुतण्याच्या स्कूटरवर येतो."

मास्तर, ती जागा आमच्या घरात कुणी कुणाला देत नाही. आज तिच्या मालकाने ती तुम्हाला दिली आहे. नाही म्हणू नका.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी इतकं मनापासून ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर नवशिकी समजून पोटात घाला. आणि मास्तर, माझ्या गाडीत स्कूलच्या गाडीसारखा तुमच्या पायाशी ब्रेक नाही. निवांत बसा.