तीस सप्टेंबर

लातूरच्या दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

“आत्या, डॉक्टरीणबाई विचारत होत्या, सिझर एकोणतीसला करायचं का तीसला. मी एकोणतीस सांगू?”

“का गं?”

“तीसला किल्लारीचा भूकंप झालता. दरसाल पेपरातल्या दिनविशेषात तेच येतंय. तुमची लहानगी मंदा त्यातच गेली. त्या दिवशी तुम्ही चूलसुद्धा पेटवत न्हाईत.”

“त्या पहाटं गावावर नुसती धूळ होती बघ. पांढरी, धुक्यासारखी. वाटायचं, आता त्यातनं मंदा चालत येईल. अजून दरसाल पहाटं दारात बसते मी.”

“म्हणूनच म्हणते, एकोणतीस.”

“न्हाई. तीसच सांग. त्या दिवशी वाट बघायची सवय हाय मला. कुणीतरी येऊ दे.”